पितळ घासावे, पण बेताने



वैजापूर तालुक्यातील एका भगिनीचे पत्र आले आहे. त्या लिहितात, "आमच्याकडे मळणी झाल्यावर मक्याची बुरकुंडे उरतात. आजवर ती चुलीत घालत होतो. यंदा एक व्यापारी ती विकत मागत आला. म्हणाला, याचा भुगा करून परदेशात बंदुकीच्या पितळी पुंगळ्या घासतात. घरातले सगळे हसले. भाऊसाहेब, हे खरे की थाप? आणि खरे असेल तर त्याच भुग्याने आमचा फवारणीचा पंप आणि देवाची पितळी भांडी उजळतील का?"

पत्र वाचून मलाही आधी हसू आले. पण प्रश्न चांगला आहे. उत्तर एका ओळीत द्यायचे तर व्यापारी खोटे बोलला नाही. आता जरा सविस्तर सांगतो, कारण त्या पुंगळ्यांच्या गोष्टीत आपल्या पंपाच्या उपयोगाचे बरेच काही आहे.

अमेरिकेत नेमबाजीचा आणि शिकारीचा छंद असणारे लोक पुष्कळ. गोळी उडाल्यावर पितळेची रिकामी पुंगळी उरते. तिकडच्या कायद्याने ती पुन्हा भरून वापरता येते, म्हणून हे लोक पुंगळ्या गोळा करून साफ करतात. आपल्याकडे मात्र शस्त्र कायदा १९५९ प्रमाणे परवान्याशिवाय काडतूस तयार करणे हा गुन्हा आहे. तेव्हा ही माहिती केवळ समजून घेण्यापुरती. लष्कराच्या गोळीबाराच्या मैदानाजवळ ज्यांची शेते आहेत, त्यांनी तर रानात सापडलेल्या पुंगळीला किंवा लोखंडाच्या तुकड्याला भंगार म्हणून हातही लावू नये. जागा लक्षात ठेवावी, मुलांना दूर करावे आणि पोलीस पाटलांना कळवावे. रिकामी दिसणारी प्रत्येक वस्तू रिकामी असतेच असे नाही.

आता ते यंत्र. त्याला व्हायब्रेटरी टंबलर म्हणतात. एक मोठे गोल भांडे स्प्रिंगांवर बसवलेले असते आणि खाली विजेची मोटर असते. मोटरच्या दांड्यावर एका बाजूला वजन जास्त ठेवलेले असते. त्यामुळे मोटर फिरली की सगळे भांडे थरथरते. भांड्यात मक्याच्या बुरकुंडाचा बारीक रवा घालतात आणि त्यात पुंगळ्या सोडतात. थरथरीने आतला माल सावकाश वरखाली होत गोल फिरू लागतो. सुपात धान्य पाखडताना दाणे कसे उसळून पुन्हा खाली येतात, तशातला प्रकार. सांगलीकडच्या मंडळींनी हळद पॉलिश करण्याचा ड्रम पाहिलेला असतो. तो ड्रम स्वतः फिरतो आणि हळकुंडे एकमेकांवर घासली जातात. इथे भांडे फिरत नाही, आतला माल फिरतो आणि घासण्याचे काम रवा करतो.

बुरकुंडच का, असे तुम्ही विचाराल. बुरकुंड आडवे मोडून पाहा. मधोमध मऊ भेंड असते, बाहेर हलकी फोलपटे असतात आणि या दोहोंच्या मध्ये लाकडासारखे टणक कडे असते. या कड्याचा रवा पितळेवरचा मळ काढण्याइतका कठीण असतो, पण पितळेला चरे पाडत नाही. शिवाय तो तेल आणि ओल शोषून घेतो. मळ फारच चिकट असेल तर ते लोक आधी अक्रोडाच्या कवचाचा रवा वापरतात. तो जास्त कापतो. नंतर चकाकीसाठी मक्याचा रवा. म्हणजे आधी खरबरीत आणि मग मऊ, हा आपल्या गवंड्याचाच क्रम झाला.

यंत्र विकत आणले म्हणजे काम चांगले होते असे नाही. कितीतरी लोक पहिल्या दिवशी निराश होतात आणि यंत्राला दोष देतात. दोष बहुधा भरणीत असतो. भांडे गच्च भरले तर आतला माल हलतच नाही, नुसता घूं घूं आवाज येतो. दोन तृतीयांश ते पाऊण भांडे रवा आणि त्यात सुट्या फिरतील एवढ्याच पुंगळ्या, हे बेताचे प्रमाण. पॉलिश घालायचे तर चमचा-दोन चमचेच, आणि तेही पुंगळ्या टाकण्याआधी. यंत्र काही मिनिटे चालवून पॉलिश रव्यात नीट मुरू द्यायचे, नाहीतर गुठळ्या होऊन त्या पुंगळीच्या पोटात जाऊन बसतात. कागदी रुमालाच्या चार पट्ट्या टाकल्या तर धूळ त्यांना चिकटते आणि रवा जास्त दिवस टिकतो. दोन ते चार तास थांबावे लागते. घाई करून कडक रवा वापरणारा माणूस वेळ वाचवतो आणि पितळ घालवतो. शेवटी चाळणीने चाळून प्रत्येक पुंगळीच्या तळाचे छिद्र उजेडात धरून पाहायचे, कारण एखादा कण तिथे अडकून राहतोच. रवा काळा पडला की फेकायचा. काळ्या रव्याने घासणे म्हणजे चिखलाच्या पाण्यात धोतर धुणे.

आणखी दोन गोष्टी ते लोक कटाक्षाने पाळतात. आपल्याला खरा उपयोग आहे तो त्यांचाच.

पहिली गोष्ट धुळीची. गोळी पेटवणाऱ्या टोपीत बहुधा शिशाचे संयुग असते. त्याची राख पुंगळीत राहते आणि घासताना धुळीत उतरते. शिसे हळूहळू अंगात साठते आणि लहान मुलांच्या मेंदूला फार अपाय करते. म्हणून जाणता माणूस हे यंत्र स्वयंपाकघरात चालवत नाही. चाळणी उघड्यावर करतो, नाकातोंडावर मास्क बांधतो आणि काम झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय भाकरीला हात लावत नाही. पुंगळी सोन्यासारखी चकाकते आणि विष भुग्यात बसलेले असते. चकाकी आणि स्वच्छता या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत.

दुसरी गोष्ट अमोनियाची, आणि ती आपल्याच देशातली आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांच्या फौजेची काडतुसे हिंदुस्थानात पावसाळ्यात घोड्यांच्या पागेत ठेवली जात. पावसाळा सरला की कित्येक पितळी काडतुसांना आपोआप चिरा पडलेल्या दिसत. कोणी हात लावला नव्हता, काही आदळले नव्हते. पावसाळ्याच्या ऋतूत घडते म्हणून इंग्रजीत या दोषाला ऋतूचेच नाव पडले. १९२१ साली मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या शास्त्रज्ञांनी त्याचे कारण उलगडून दाखवले. काडतुसाचे पितळ म्हणजे ७० भाग तांबे आणि ३० भाग जस्त. पत्रा ओढून त्याची पुंगळी करताना धातूत ताण राहून जातो. घोड्यांच्या मुतापासून सुटणारा अमोनिया, पावसाळी ओल आणि हा आतला ताण हे तिघे एकत्र आले की पितळ कणाकणांच्या सांध्यावर फाटते. आजही पुंगळ्या साफ करणारे अमोनिया असलेले पॉलिश टाळतात ते यासाठीच.

बंधूंनो, घोड्यांच्या पागेच्या जागी आपला गोठा ठेवून पाहा. पावसाळ्यात फवारणीचा पंप आपण कुठे टांगतो? गोठ्याच्या मेढीला. आणि कुठे ठेवतो? युरियाच्या पोत्यावर. गाईम्हशींच्या मुतातूनही अमोनिया सुटतो. सांडलेला युरिया गोठ्यातल्या ओलीत आणि शेणमातीत मिसळला की त्याचाही अमोनिया होतो. गोठ्यात शिरताना डोळ्यांना झोंबते ते हेच.

मी नोकरीत नवा असतानाची एक हकीकत सांगतो. एका शेतकऱ्याचा पितळी नळीचा पंप दोन पावसाळे गोठ्यात टांगलेला होता. कपाशीवर फवारणीचे प्रात्यक्षिक होते, म्हणून मीच तो खाली काढायला लावला. वरून राखेने घासून चकचकीत केला होता. मी नळी हातात घेऊन "वा, छान ठेवलाय" असे म्हणालो सुद्धा. नळीला जिथे बाक दिला होता तिथे केसासारखी चीर होती. ती ना त्याला दिसली ना मला. दाब वाढल्यावर चीर फाकली आणि औषध फवारणाऱ्या मजुराच्या हातावरून काखेपर्यंत ओघळले. घामाने भिजलेल्या सदऱ्यात त्याला ते कळलेही नाही. तासाभराने त्याला मळमळू लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली. सदरा काढून साबणाने अंग धुतले आणि औषधाच्या डब्यासकट बैलगाडीतून दवाखान्यात नेले. दोन दिवसांनी तो घरी आला. त्याच्या बायकोने मला एवढेच विचारले, "साहेब, पंप तपासला नव्हता का?" मला उत्तर देता आले नाही. पाणी भरून, दाब देऊन दोन मिनिटे पाहिले असते तर चीर तिथेच दिसली असती. तेव्हापासून साधे पाणी भरून दाब दिल्याशिवाय मी कोणत्याही पंपाला प्रात्यक्षिकात हात लावत नाही.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने कित्येक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे आपण विसरलेलो नाही. त्याला कारणे अनेक होती. पण फवारणीच्या कामात कोणतीही हयगय लहान नसते, एवढा धडा तरी आपण त्यातून घ्यायलाच हवा.

आता भगिनींच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. पंपाचे पितळ कसे साफ करावे? आज टाक्या बहुतेक प्लॅस्टिकच्या झाल्या, बॅटरीचे पंप आले. तरी नोझल, नळी, झडप असे काही ना काही पितळेचे पुष्कळ पंपांत असतेच.

फवारणी संपली की त्याच दिवशी टाकी, नळी आणि नोझल स्वच्छ पाण्याने तीनदा खळबळून घ्या आणि प्रत्येक वेळी थोडे पाणी नोझलमधून बाहेर काढा. ते पाणी विहीर, ओढा किंवा जनावरांच्या हाळाजवळ सांडू नका. फवारलेल्याच शेतात उडवून टाका. औषध वाळून घट्ट बसले की मगच घासण्याची वेळ येते. ताजे असताना धुतले तर घासावे लागतच नाही.

नोझल खोलून कोमट साबणाच्या पाण्यात अर्धा तास भिजत घाला आणि दातांच्या जुन्या मऊ ब्रशने साफ करा. या ब्रशला लाल दोरा बांधून तो वेगळा ठेवा. हातात रबरी मोजे घाला. छिद्र तुंबले तर सुई, तार किंवा सायकलचा आरा घालू नका आणि तोंडाने तर कधीच फुंकू नका. तारेने छिद्र मोठे होते, वाकडे होते. मग एका ओळीवर औषध दुप्पट आणि शेजारची ओळ कोरडी. आपण म्हणतो औषध बनावट निघाले, आणि बिघाड असतो तारेच्या टोकाचा.

राख, वाळू आणि विटेची भुकटी पंपाच्या आतल्या भागांना लावू नका. बाहेरून चकाकी येते, पण दट्ट्या ज्या नळीत सरकतो तिथे चरे पडतात आणि दाब टिकत नाही. हिरवट गंज चढला असेल तर चिंचेच्या कोळात पाच-दहा मिनिटे ठेवा, साध्या पाण्याने दोनदा धुवा आणि कोरड्या फडक्याने पुसा. चिंचेतले आम्ल गंज विरघळवते. पण रात्रभर ठेवाल तर पितळ तांबूस पडेल. अशी तांबूस झाक म्हणजे पितळेतले जस्त निघून चालले आणि वस्तू ठिसूळ होऊ लागली, असे समजा. यासाठी वापरलेली चिंच, वाटी आणि फडके पुन्हा स्वयंपाकघरात येता कामा नये.

साफ केलेला पंप रिकामा, कोरडा, उलटा करून ठेवा. जागा गोठ्यापासून, खतांच्या पोत्यांपासून आणि मुलांच्या हातांपासून दूर असावी.

हंगामाच्या तोंडाशी दोन चाचण्या करा. पहिली, टाकीत साधे पाणी भरा, दाब द्या आणि नळीचे बाक, आट्यांचे जोड हाताने चाचपून पाहा. कुठे पाझर दिसला तर तो भाग बदला. चिंधी किंवा डांबर लावून भागवू नका. दुसरी, जुन्या नोझलमधून एक मिनिट पाणी मापात धरा आणि तेवढ्याच दाबाला त्याच जातीच्या नव्या नोझलमधून एक मिनिट धरा. जुन्यातून १० टक्क्यांहून जास्त पाणी आले तर ते नोझल झिजले. म्हणजे नवे ५०० मिलिलिटर देत असेल आणि जुने ५५० च्या वर गेले, तर जुने टाकून द्या. ते कितीही चकाकत असले तरी टाका. नोझलची किंमत वाया जाणाऱ्या औषधापुढे काहीच नाही.

मागे एका तरुणाने विचारले होते की बीजप्रक्रियेच्या ड्रममध्ये बुरकुंडाचा भुगा घालून पितळी सामान फिरवले तर चालेल का. कल्पना हुशारीची आहे, पण करू नका. त्या ड्रमला बुरशीनाशकाचा आणि कीटकनाशकाचा लेप बसलेला असतो. भुगा तो ओढून घेईल, धूळ उडेल आणि घासलेली वस्तू विषारी होऊन बाहेर येईल. बियाण्याचा ड्रम बियाण्यालाच ठेवावा.

देवाची भांडी आणि स्वयंपाकाचे पितळ यांची गोष्ट सोपी आहे. त्यांना यंत्र नको. समई, निरांजन, घंटा यांना चिंच किंवा लिंबू-मीठ लावा, लगेच धुवा आणि लगेच पुसून कोरडे करा. ओले ठेवले की दुसऱ्या दिवशी पुन्हा डाग. जेवणाच्या पातेल्याला आतून कल्हई असते. ती घासून चकाकवू नका. कल्हई पातळ झाली, आतून पिवळे दिसू लागले, तर त्या भांड्यात ताक, आमटी, चिंचेचे सार ठेवू नका. आंबट पदार्थात तांबे उतरते आणि पोट बिघडते. कल्हईवाला आता गावात सहसा फिरकत नाही. तालुक्याच्या बाजारात गाठून कल्हई करून घ्यावी, नाहीतर ते भांडे पाण्यासाठी ठेवावे.

आता उरला पहिला प्रश्न, बुरकुंडे विकावीत का? १०० किलो दाण्यामागे साधारण १८ किलो बुरकुंडे निघतात. म्हणजे ५० क्विंटल मका झाला तर नऊ क्विंटलच्या आसपास बुरकुंडे. एवढा माल नुसता जाळून टाकण्यासारखा खचित नाही. पण तीन गोष्टी पाहा. माल कोरडा हवा. बुरशी लागलेला, चिखलमातीचा, खडे मिसळलेला माल घासण्याच्या रव्याला चालत नाही. एक खडा पितळेला चरा पाडायला पुरतो. म्हणून मळणीनंतर बुरकुंडे खळ्यावर पसरून वाळवा आणि पत्र्याखाली ठेवा. दुसरे, चुलीच्या सरपणाचा हिशोब आधी करा. बुरकुंडे विकून लाकूड विकत आणावे लागले तर काय कमावले? तिसरे, कोणी म्हणाले म्हणून भुगा करण्याचे यंत्र कर्ज काढून घेऊ नका. रवा वेगवेगळ्या जाडीचा लागतो, तो चाळून, वाळवून द्यावा लागतो आणि घेणारा ठरलेला असावा लागतो. आधी घेणारा शोधा, दर कागदावर घ्या, चार जणांनी मिळून एक गाडी भरा आणि पैसे हातात पडल्यावर पुढची बोलणी करा.

तेव्हा वैजापूरच्या भगिनींना सांगणे असे की व्यापाऱ्याला हसू नका, पण वजनकाटा आपला ठेवा. आणि घरच्या कारभाऱ्यांना पंप गोठ्यातून आजच काढायला सांगा. उद्या नको. तो पाण्याने भरून दाब देऊन पाहा. पाझरला तर दुरुस्त होईपर्यंत कोणाच्याही पाठीवर चढवू नका, मग तो घरचा माणूस असो की रोजाने आलेला.

ही पाण्याची चाचणी ज्यांनी घेतली, त्यांनी काय आढळले ते मला पत्राने कळवावे. किती पंप पाझरले आणि किती नोझल झिजलेली निघाली, त्याचा हिशोब याच पानावर मांडू.

आपला,
कृषी विस्तार अधिकारी